बडोद्याचा पट्टा आणि ग्वाल्हेरची दोन मते

लाच खाणारा अंमलदार आणि त्याचे पारिपत्य करण्यासाठी निघालेली सरकारी मोहीम, या दोहोंपैकी लोकांना अधिक भय कशाचे वाटते असा प्रश्न कोणी केला तर चटकन उत्तर देणे कठीण आहे. पुण्याच्या घाशीराम कोतवालाची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. १७७७ पासून चौदा वर्षे त्याने शहरावर कोतवाली गाजविली; आणि १७९१ च्या ऑगस्टअखेर, कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा, खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. तेथे लोकांचा रोष सरळ होता. ज्याने छळले त्याच्यावरच तो उलटला. परंतु त्यानंतर चौऱ्यांशी वर्षांनी बडोद्यात जे घडले त्यात हा सरळपणा नाही. ज्या राजाच्या जुलमाविरुद्ध प्रजेने गाऱ्हाणी मांडली होती, त्याच राजासाठी पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत लोक हळहळले. या प्रकरणाचा निवाडा करावयास बसलेल्या सहा जणांपैकी दोघे आमच्या ग्वाल्हेरचे होते. म्हणून ग्वाल्हेरच्या नई सडकेवर राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हा विषय परका वाटत नाही.

मल्हारराव गायकवाड हे काही आदर्श राजे नव्हते, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. थोरले बंधू खंडेराव यांच्यावर विषप्रयोग करण्याचा कट केल्याच्या संशयावरून १८६३ पासून ते पादरा येथे कैदेत होते. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि हा कैदी एकदम गादीवर आला. मग सूडाचे राज्य सुरू झाले. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात पडले आणि तेथेच संशयास्पद रीतीने मरण पावले. नजराणा दिल्यावाचून वहिवाटदाराची जागा मिळेना, आणि नजराणा भरलेला वहिवाटदार ती रक्कम रयतेच्या पाठीवर फटके ओढून वसूल करी. फौजदार आणि शिपाई यांचा वाटा त्यात ठरलेलाच असे. भर रस्त्यात फटके मारून माणसे मारल्याच्या तक्रारी होत्या. कुलीन घरांतील स्त्रियांना जबरीने राजवाड्यात नेल्याच्याही होत्या. १८७३ च्या अखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा शेतकरी, सावकार, सरदार असे सर्व थरांतील लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन पुढे आले. ती सगळी खोटी होती असे म्हणण्याचे धाडस पुढे मल्हाररावांच्या कैवाऱ्यांनीही केले नाही. आयोगाच्या अहवालावरून व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना मुदत दिली: १८७५ च्या ३१ डिसेंबरपर्यंत कारभार सुधारावा, नाही तर परिणामास तयार राहावे. येथवर सरकारचे वर्तन गैर होते असे मला वाटत नाही.

सुधारणेसाठी दिवाण म्हणून आले ते दादाभाई नौरोजी. परंतु रेसिडेंट कर्नल फेअर यांना हे दिवाण पहिल्या दिवसापासून नकोसे होते. दरबारविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला रेसिडेन्सीचे दार उघडे असे आणि दिवाणाच्या प्रत्येक कामात अडथळा येई. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ रोजी महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला की, हा रेसिडेंट बदलून द्यावा. त्यानंतर आठच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, फेअरसाहेबांनी सकाळच्या रपेटीहून परतल्यावर पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले. त्यांना मळमळू लागले. उरलेले सरबत त्यांनी व्हरांड्यात फेकले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. गमतीची गोष्ट अशी की खुद्द नॉर्थब्रुक यांनाही हे फेअरसाहेब डोईजड झालेले होते. त्याच महिन्यात त्यांना दूर करण्याचे ठरले आणि सर लुइस पेली त्यांच्या जागी आले.

आता पोलीस रंगभूमीवर येतात. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपल्या निवडक माणसांसह बडोद्यास दाखल झाले. त्यांत अकबर अली हा गुप्त तपासाच्या कामात मुरलेला अंमलदार होता. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याला पकडण्यात आले आणि माफीचे वचन मिळताच त्याने कबुली दिली. मग त्याचा वरिष्ठ नरसू जमादार याने कबुली दिली. कबुलीनंतर नरसूने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली. त्याला जिवंत बाहेर काढले. रावजीचा कमरपट्टा तोवर दुसऱ्या पट्टेवाल्याकडे गेलेला होता. अकबर अलीने तो पट्टा मागवून चाचपला, आत चोरकप्पा लागला. काहीतरी हाताशी लागताच त्याने हात थांबवून सूटरसाहेबांना बोलावले आणि त्यांच्यासमक्ष सोमलाची पुडी बाहेर काढली! इतकी महत्त्वाची पुडी कबुली देताना रावजी विसरला कसा, आणि पट्टा दुसऱ्याच्या कमरेला असताना ती तशीच राहिली कशी, हे प्रश्न तेव्हा बडोद्याच्या बाजारातील पानवाल्यालाही सुचले असतील.

पोलिसांच्या हातची कबुली किती विश्वासाची, याविषयी इंग्रजांच्या कायद्याचे मत स्पष्ट होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील २५ वे कलम असे की, पोलीस अंमलदारापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. २६ वे कलम असे की, पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला जबाब मॅजिस्ट्रेटच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिलेला नसल्यास ग्राह्य धरावयाचा नाही. ज्या सरकारने पोलीस खाते उभारले त्याच सरकारला आपल्या पोलिसांचा इतका अविश्वास होता, आणि तो अनाठायी नव्हता. पुढे १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानेही पोलीस खाते भ्रष्ट आणि जुलमी असल्याचे नमूद करून ठेवले. स्वतंत्र भारताने २०२३ साली पुराव्याचा नवा कायदा केला, तेव्हाही ही तरतूद कायम ठेवावी लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु माफीचा साक्षीदार करून घेतला की कबुलीजबाबाचे साक्षीत रूपांतर होते आणि कायद्याची भिंत वळसा घालून ओलांडता येते. बडोद्यात नेमका हाच वळसा घेतला गेला. शिवाय आयोग म्हणजे न्यायालयही नव्हते.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली आणि राज्याचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांनाही धरून गोऱ्या सोल्जरांच्या पहाऱ्यात ठेवले. दोन आठवडे तो पहारा सोसल्यावर त्यांनीही कबुली दिली आणि माफी मिळविली. सोमल आणि हिरे आपणच पैदा केले, असे त्यांचे म्हणणे. या सगळ्या गोतावळ्यात एका माणसाने मात्र शेवटपर्यंत मान हलविली नाही. तो रेसिडेन्सीचा बुटलर पेद्रू द सौझा, गोव्याकडचा, आमच्याच धर्माचा. महाराजांनी त्याच्याही हाती विष दिले होते, असे रावजी सांगत होता. पेद्रूने ते साफ नाकारले. त्याला माफी मिळवून घेण्याची संधी इतरांइतकीच असणार. इतिहासाच्या पुस्तकांत या बुटलराला ओळभरही जागा मिळत नाही, म्हणून येथे मुद्दाम उल्लेख केला.

२३ फेब्रुवारीला बडोद्याच्या छावणीत आयोगाचे काम सुरू झाले. अध्यक्ष कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, दुसरे मेल्व्हिल, आणि तिसरे पुन्हा तेच मीड, ज्यांनी वर्षापूर्वी याच महाराजांविरुद्ध अहवाल लिहिला होता. देशी सभासद म्हणून जयपूरचे महाराज सवाई रामसिंग, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे. मीड हे नाव ग्वाल्हेरीच्या माणसाला वेगळ्या कारणानेही विसरता येत नाही. १८५९ साली तात्या टोपे यांना ज्याच्या तुकडीने पकडले आणि शिवपुरीस फाशी दिले, तोच हा अधिकारी. त्याच्या शेजारी जयाजीराव सोळा वर्षांनी न्यायाधीश म्हणून बसले होते.

मल्हाररावांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलन्टाइन आले होते. (हा सार्जंट पोलिसांतला नव्हे, नामांकित बॅरिस्टरांची ती जुनी पदवी होती.) त्यांनी सारा भर एकाच गोष्टीवर दिला: हा पुरावा पोलिसांनी घडविलेला आहे. पट्ट्याची पुडी घ्या, रावजीची बदलत गेलेली जबानी घ्या, दामोदरपंतांवरचा पहारा घ्या. प्रत्येक धागा अकबर अलीच्या बोटांपाशी येऊन थांबतो. मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल यांनी सरकारची बाजू चिकाटीने मांडली. पण ज्या साक्षीदारांवर ती उभी होती त्यांपैकी रावजी आणि दामोदरपंत आपापल्या जिवाची माफी घेऊन आलेले होते, याला त्यांचाही इलाज नव्हता.

शेवटी आयोग दुभंगला. तिघा इंग्रज सभासदांनी मल्हाररावांवर ठपका ठेवला. तिघा देशी सभासदांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला नाही असे मत दिले. तिघेही स्वजातीच्या राजाला वाचवीत होते, असे तेव्हाच्या काही इंग्रजांनी म्हटले. जयपूर आणि ग्वाल्हेर यांना आपल्या गादीची काळजी नव्हती असे मीही म्हणणार नाही. आज गायकवाड, उद्या आपण, हा विचार कोणाही संस्थानिकाच्या मनात आलाच असता. परंतु जयाजीरावांची स्थिती पाहा. १८५८ पासून ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रज फौजेच्या ताब्यात होता, मोरारला इंग्रजांची छावणी होती. किल्ला परत मिळावा ही त्यांच्या आयुष्याची मोठी इच्छा. सरकारला हवे ते मत देण्यातच त्यांचा प्रत्यक्ष लाभ होता.

दिनकररावांना तर गादीचा प्रश्नच नव्हता. त्यांचे मत मला सर्वांत वजनदार वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस लहान वयात ग्वाल्हेरच्या चाकरीत शिरला आणि महसूल व पोलीस या दोन खात्यांची घडी बसवूनच दिवाणपदास पोहोचला. तुटीत चाललेला कारभार त्यांनी पगार कमी करून, स्वतःचाही कमी करून, शिलकीत आणला. जाचक कर उठविले. सत्तावन सालच्या धामधुमीत ते इंग्रजांच्या बाजूस राहिले, हे आज कित्येकांना रुचत नाही. परंतु त्यामुळेच त्यांना राजद्रोही किंवा अंदाधुंदीचा कैवारी म्हणण्याची सोय इंग्रजांना उरली नव्हती. नजराणा खाणारा वहिवाटदार आणि फटके मारणारा शिपाई म्हणजे काय, हे त्यांना काउचसाहेबांपेक्षा अधिक ठाऊक होते. अशा माणसाने पोलिसांचा पुरावा पारखला आणि तो उतरत नाही असे लिहून दिले. मल्हारराव चांगला राजा आहे असे त्यांनी लिहिले नाही. त्यांना विचारले होते तेवढ्याचेच उत्तर त्यांनी दिले.

सरकारने मात्र विचारलेला प्रश्नच बदलून टाकला. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हारराव पदच्युत झाले, आणि त्यात सांगितले होते की हा निर्णय विषप्रयोगाच्या आरोपावर आधारलेला नसून महाराजांचे दुर्वर्तन, कारभाराची अंदाधुंदी आणि सुधारणेची असमर्थता यांमुळे घेतला आहे. सुधारणेसाठी दिलेली मुदत संपावयास तेव्हा आठ महिन्यांहून अधिक अवकाश होता. लोकांच्या मनाला जे लागले ते हेच. गैरकारभारासाठी काढावयाचे होते तर विषाचा खटला कशासाठी? आणि विषाचा खटला चालविला तर त्याचा निकाल का मानू नये? मल्हाररावांना मद्रासेस नेण्यात आले आणि परत बडोदे पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि तिचे धुरीण गणेश वासुदेव जोशी यांनी गायकवाडांची बाजू उचलून धरली. वासुदेव बळवंत फडके त्या वेळी पुण्यात सरकारी नोकरीत होते. या पदच्युतीविरुद्ध त्यांनी जाहीर भाषणे केली. बंगालमधील वृत्तपत्रांनी सरकारवर टीकेचा भडिमार केला. मल्हाररावांनी कोणाचे भले केले होते म्हणून हे घडले नाही. बडोद्याच्या ज्या रयतेने मीड आयोगापुढे फटक्यांचे वळ दाखविले, तिला त्या फटक्यांचा न्याय हवा होता. तो या खटल्यात कोठेच नव्हता. एकाही वहिवाटदाराला किंवा फौजदाराला या आयोगापुढे उभे करण्यात आले नाही.

नाटककारांना हा विषय सुटणे शक्य नव्हते. बंगालीत आणि मराठीतही गायकवाडांवर नाटके लिहिली गेली. १८७६ साली सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला.

बडोद्याला यातून एक लाभ झाला, तो नाकारता येत नाही. २७ मे १८७५ रोजी नाशिककडील कवळाणे गावचा एक मुलगा जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. त्यांचा कारभार पाहून पुष्कळ जण म्हणतात की झाले ते बरेच झाले. वर्गात मुलेही हेच विचारतात. मी त्यांना आयोगाच्या सहा सभासदांची नावे फळ्यावर लिहून दाखवितो आणि त्यांपुढे ज्याचे त्याचे मत लिहावयास सांगतो.

जयाजीरावांवर सरकारची खप्पा मर्जी झाली नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना आणि रामसिंगांनाही सन्मान मिळाले. किल्ला परत मिळण्यास मात्र १८८६ साल उजाडावे लागले, आणि तोही झाशीच्या मोबदल्यात. त्याच वर्षी जयाजीराव वारले. मीड हे पदच्युतीनंतर बडोद्याचा कारभार पाहण्यासाठी नेमले गेले.