बिलावरची अनोळखी रक्कम

१८ सप्टेंबर १९५८ रोजी बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार रहिवाशांना टपालाने क्रेडिट कार्डे पाठवली. ती कोणी मागितलेली नव्हती. पुढे इतर बँकांनीही हीच रीत उचलली आणि टपालातूनच कार्डे चोरीला जाऊ लागली. हाती न पडलेल्या कार्डावरचा खर्च कोणी भरायचा, हा प्रश्न उभा राहिला. १९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने न मागता कार्ड पाठवायला बंदी घातली आणि चोरीच्या वापरात ग्राहकाचा भार जास्तीत जास्त ५० डॉलरवर आणला.

त्या काळी बिल तपासणे तुलनेने सोपे होते. महिन्याच्या बिलासोबत प्रत्येक खरेदीच्या पावतीची प्रत यायची; दुकानाचे नाव आणि स्वतःची सही पाहिली की खर्च ओळखू यायचा. व्यवहार वाढले तशी बँकांना ही कागदांची चळत परवडेना. १९७०च्या दशकात पावत्या जाऊन संगणकाने छापलेली एकेक ओळ आली : तारीख, नाव, रक्कम. बँकांचा टपालखर्च वाचला, ग्राहकाच्या हातचा पुरावा मात्र गेला. पाटीवर एक नाव आणि बिलात भलतेच, हा घोळ तेव्हापासूनचा.

१९७४ चा ‘फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट’ याच सुमारास आला. चुकीची रक्कम दिसली तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करायची. निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम रोखून धरता येते. तक्रारीची पोच बँकेने ३० दिवसांत द्यायची आणि दोन बिलांच्या आत, फार तर ९० दिवसांत, निर्णय करायचा.

भारतात हा पहारा मोबाइलवर आला. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन खरेदीला कार्डावर न छापलेल्या पासवर्डची जोड सक्तीची केली आणि २०११ मध्ये कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराचा संदेश ग्राहकाला पाठवणे बँकांना बंधनकारक केले. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जबाबदारीची वाटणी केली. चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणी गैरवापर केला असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार नाही. चार ते सात दिवस लागले, तर कार्डाच्या मर्यादेनुसार १० किंवा २५ हजार रुपयांपर्यंतचा भार त्याच्यावर येतो. त्यापुढे बँकेचे धोरण. जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे काम मात्र बँकेचे, आणि ही या परिपत्रकातली सर्वांत मोलाची तरतूद म्हणावी लागेल. १ ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी देणेही आवश्यक झाले. ‘पहिला महिना फुकट’ म्हणून घेतलेली आणि मग विसरलेली सेवा त्यामुळे थोडी तरी नजरेत येते.

हे सारे नियम संदेश लगेच वाचणारा ग्राहक गृहीत धरतात. आजारी माणसाचे सगळे पाहणाऱ्या मुलीची किंवा सुनेची गोष्ट वेगळी असते. रुग्णालयाची अनामत, औषधे, रक्ततपासण्या, रात्रपाळीच्या आयाचे पैसे अशा खर्चांच्या गर्दीत चारपाचशे रुपयांची अनोळखी रक्कम सहज दडते. चोरीचे कार्ड चालते का, हे आधी लहान रकमेनेच तपासले जाते. शिवाय कार्ड रुग्णाच्या नावावर असेल तर संदेश त्याच्याच फोनवर येतात, आणि तो फोन बंद करून कपाटात ठेवलेला असतो. सोबतीला घेतलेले ॲड-ऑन कार्ड वापरले, तरी बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच राहते.

अमेरिकी कायद्यातले ६० दिवस बिल निघाल्यापासून सुरू होतात. भारतातले तीन दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजले जातात. शुश्रूषा करणाऱ्यासाठी त्यात वेगळी सवलत नाही.