आडनावाचा रकाना

तलासरीत जात पडताळणीला वंशावळ जोडायची वेळ आली की वारली पोरं माझ्याकडे येतात. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, जुनी जनरल रजिस्टरं हाताखालून गेली, म्हणून. आल्याआल्या आडनाव सांगतात. मी म्हणतो, ते राहू दे. आज्याचा पाडा कुठला? उधव्याचा की झरीचा?

कारण वारल्यांचं कूळ जुनं असलं तरी कागदावर ते फार उशिरा उतरलं. पुरावा हवा १९५० च्या आधीचा, आणि तेव्हाच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ओळ सापडते ती अशी : ‘बुध्या सोम्या, वारली, मुलगा.’ बस्स. सोमवारचा तो सोम्या, बुधवारचा बुध्या, मंगळवारची मंगळी. एकाच पाड्यावर तीन बुध्ये सोम्या निघाले तर तुमचा पणजोबा कुठला, हे कोण सांगणार?

शाळा आल्या तसा आडनावाचा रकाना भरणं आलं. मास्तर कूळ विचारायचे आणि कानावर पडेल तसं लिहायचे. थोरला वरठा झाला, धाकटा वरठे. कुणाच्या आडनावाच्या जागी नुसतं ‘वारली’. वरठा-वरठेतल्या त्या एका मात्रेपायी आज सख्ख्या भावांच्या नातवंडांना प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.

सातबाऱ्याचं म्हणाल तर जमीन सावकाराची. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबायची, कर्ज फिटेपर्यंत. आणि ते फिटायचंच नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने ही वेठ मोडली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. एका वारल्याचं नाव आडनावासकट इतिहासात गेलं ते असं. कसणाऱ्यांची नावं जमिनीला लागायला कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडावा लागला. म्हणून त्या सुमाराचे फेरफार मी आधी काढायला लावतो. त्यांत बापाचं नाव असतं, कधी भावांचीही.

कॅनडातल्या क्युबेकमधल्या फ्रेंच घराण्यांची गंमत वाचली तेव्हा मला आपलीच रजिस्टरं आठवली. १६६५ साली तिकडे उतरलेल्या पलटणीतल्या शिपायांना टोपणनावं असत. मूळ आडनावापुढे ‘दी’ लिहून ते जोडायचे, आणि पुढे एक भाऊ मूळ नाव चालवी, दुसरा टोपणनाव. पण त्यांच्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं लिहिलं, बाईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यावरून सिप्रियँ तांगे या धर्मगुरूने १८७१ पासून वंशावळींचे सात खंड काढले. आमच्याकडे लग्न लावते धवलेरी, आणि ती गाते, लिहीत नाही.

क्युबेकात एका घराची दोन आडनावं, तर डहाणूच्या चिकूवाडीवाल्या इराण्यांचं नेमकं उलट. त्यांचे वाडवडील यझद-किरमानकडून आले तेव्हा खुद्द इराणात आडनाव सक्तीचं नव्हतं. ते १९२५ च्या कायद्याने झालं. इथे येऊन बरेचसे ‘इराणी’ झाले. आडनाव एक, नातं असेलच असं नाही. वारल्यांत मात्र एक कूळ म्हणजे भाऊबंद. त्या कुळात सोयरीक होत नाही, मग आडनाव कागदावर कसंही लिहिलेलं असो.

म्हणून मी पोरांना आत्याकडे पाठवतो, जमलं तर आजोबांच्या बहिणीकडे. कुणाची मुलगी कुठे दिली, कुठल्या कुळात देत नाहीत, हे तिला पाठ असतं. १९६० साली उंबरगाव तालुक्यातला बराचसा मुलूख गुजरातेत गेला. इकडे उरलेल्या गावांचा तलासरी झाला. त्यामुळे आत्या बऱ्याचदा सीमेपलीकडे निघते. तिला उंबरगावला जाऊन भेटावं लागतं, आणि जाताना वही न्यावी. पोरं मोबाइल नेतात. तेही चालेल, पण नावं तिच्यासमोर वाचून दाखवा. दोन बुध्यांतला फरक ती तिथल्या तिथे सांगेल.