कोळ्यांचीं पिलें आणि माणसाचें कुतूहल

समुद्रांत जाळें टाकणाऱ्या माणसाला आणि घराच्या कोपऱ्यांत जाळें विणणाऱ्या प्राण्याला मराठी भाषेनें ‘कोळी’ हें एकच नांव दिलें आहे. न्हावा व शेवा या गांवीं हे दोन्ही कोळी पूर्वापार शेजारीं राहत आले. १९८९ सालीं तेथें मोठें बंदर सुरू झालें, आणि ‘न्हावा शेवा’ हें नांव जगभरच्या मालाच्या कागदपत्रांवर उमटूं लागलें. बंदरांतून माल जातो-येतो, तसे कांहीं प्राणीही कोणास न विचारतां प्रवास करीत असतात. कोळ्याचें पिलूं घरीं वाढविण्याचा छंद आज शहरांतून दिसूं लागला आहे. त्याचा इतिहासही अशा प्रवासांशींच जडलेला आहे.

कोंकणांतील घरांत रात्रीं भिंतीवर जो चपटा, लांब पायांचा, तपकिरी कोळी दिसतो, तो जाळें विणीत नाहीं. झुरळांचा पाठलाग करून पोट भरतो. लिनीअसनें १७६७ सालीं त्यास ‘पारधी’ या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. मूळचा हा बहुधा आशियाचा. परंतु जहाजांतून तो पृथ्वीच्या साऱ्या उष्ण पट्ट्यांत पसरला, आणि केळ्यांच्या घडांतून परदेशच्या बंदरांत उतरल्यामुळें तिकडे त्यास ‘केळ्यांतला कोळी’ असेंही म्हणूं लागले. याची मादी अंड्यांची पांढरी, नाण्यासारखी चपटी पिशवी छातीखालीं धरून हिंडते. अशी मादी कोणीं बरणींत ठेवली, तर एके दिवशीं बरणी शेंकडों पिलांनीं भरून जाते. पाळणाऱ्यास बसणारा हा पहिला धक्का. दुसरा थोड्याच दिवसांनीं बसतो. गुण्यागोविंदानें राहणारीं भावंडें एकमेकांस खाऊं लागतात. पुढें एके सकाळीं उरलेलें पिलूं पाय आंखडून मेलेलें दिसतें, आणि हळहळणाऱ्या धन्याच्या लक्षांत येतें कीं, ही नुसती टाकलेली कात आहे. पिलूं पलीकडे नव्या अंगानें बसलें आहे. तुटलेला पायही अशा कात टाकण्यांत पुन्हा फुटतो.

कोळ्यांच्या शास्त्राचा इतिहास अशाच अचंब्यांचा आहे. मारिया सिबिला मेरियान या विदुषीनें १७०५ सालीं सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथांत पक्षी खाणाऱ्या कोळ्याचें चित्र छापलें, तेव्हां पुढील कित्येक पंडितांनीं तें कल्पित ठरविलें. हेन्री बेट्स यानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत तो प्रकार स्वतः पाहून १८६३ च्या आपल्या ग्रंथांत नोंदला, तेव्हां कोठें त्या बाईस न्याय मिळाला. त्याच बेट्सनें आदिवासी मुलें एका प्रचंड कोळ्याच्या कमरेस दोरी बांधून त्यास कुत्र्याप्रमाणें घरांत फिरवीत असल्याचेंही लिहून ठेवलें आहे. कोळी पाळण्याची हौस किती सहज आहे, हें यावरून दिसेल.

हिंदुस्थानांतील कोळ्यांचा पहिला मोठा ग्रंथ आर. आय. पोकॉक यानें १९०० सालीं प्रसिद्ध केला. त्याच्यापुढें होते ते वनाधिकारी व हौशी संग्राहक यांनीं मद्यार्कांत बुडवून पाठविलेले नमुने. अशा नमुन्यांवरून जाति ठरते, पण प्राण्याचें बालपण कळत नाहीं. १८९९ सालीं त्यानें आंध्रांतील गुत्ती येथील एका झळझळीत निळ्या कोळ्याचें वर्णन केलें. गुत्ती हें रेल्वेचें ठाणें. लाकडांबरोबर तो गाडीनें तेथें आला असावा असें आतां मानतात. कारण त्याचें खरें वसतिस्थान शंभरांहून अधिक वर्षांनीं, २००१ सालीं, नंद्याल व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या रानांत सांपडलें. त्याचें पिलूं फिकट असतें; एकामागून एक काती टाकीत तें निळें होतें. हें पोकॉकच्या बाटलींत दिसणें शक्य नव्हतें. तें पिलें वाढविणाऱ्यांनीं पाहिलें. टाकलेली कात भिंगाखालीं धरून नर-मादी ओळखण्याची युक्तिही त्यांनाच उपयोगी पडते. वर्षानुवर्षें जपलेलें पिलूं नर निघालें, तर शेवटच्या कातीनंतर तो अन्न सोडून भटकूं लागतो व लवकरच मरतो. मादी मात्र पुष्कळ वर्षें जगते. आर्कन्सॉ विद्यापीठाचे प्राध्यापक बर्ग यांनीं असे कोळी दीर्घकाळ पाळून जें ज्ञान मिळविलें, तें १९५८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें.

परंतु जें कुतूहल ज्ञान देतें, त्यांतूनच पुढें मालकीची हाव निर्माण होते. परदेशच्या घरांत वाढणारे निळे कोळी मुळांत आपल्याच रानांतून गेले. तें रान तोडीमुळें आटत चाललें आहे, आणि २००८ सालीं त्या जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. २०१९ सालीं त्या सबंध वंशाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आला. तरी उलट दिशेचा प्रवाह चालूच राहिला. २०२१ च्या जुलैंत चेन्नईच्या टपालांत पोलंडहून आलेलें एक पुडकें सीमाशुल्क अधिकाऱ्यांनीं उघडलें, तों त्यांत १०७ लहान कुप्या आणि प्रत्येकींत एक जिवंत कोळी! ते मूळचे अमेरिका खंडाच्या मध्य व दक्षिण भागांतले. ते परत धाडण्यांत आले. आमच्या रानचा कोळी युरोपांत आणि मेक्सिकोकडचा कोळी तामिळनाडूंत. या अदलाबदलींत रानाच्या पदरीं कांहीं पडत नाहीं.

म्हणून ज्या तरुणास कोळ्याचें बालपण पाहावयाचें आहे, त्यानें पुडकें मागविण्याची गरज नाहीं. भिंतीवरचा पारधी पुरेसा आहे. हवा जाईल अशी झांकणाची बरणी, ओल्या कापसाचा बोळा आणि बेताचें भक्ष्य एवढ्यावर तो आपल्या बालपणाची सारी कथा दाखवील. प्रत्येक कातीची तारीख मात्र वहींत टिपावी, आणि पिलूं वाढलें म्हणजे तें पुन्हा त्याच भिंतीवर सोडून द्यावें. सुतिकागृहापासून यौवनापर्यंत एका जीवाचें चरित्र स्वतःच्या डोळ्यांनीं वाचल्याचें समाधान त्यास लाभेल, आणि घरांतील झुरळांचा पारधीही घरांतच राहील.