रनिंग बॅक : एकहाती व विभागलेला धावभार

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची चाल चालविणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या बचावफळीतून वाट काढणाऱ्या खेळाडूस रनिंग बॅक, व त्याच्या अशा प्रत्येक धावेस कॅरी म्हणतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले नाही तर चेंडूवरील हक्क गमवावा लागतो, आणि त्यामुळे हा धावभार हंगामभर एकाच पटाईत खेळाडूवर सोपवावा की दोघातिघांत वाटून द्यावा, हा नॅशनल फुटबॉल लीगमधील (एन. एफ. एल.) प्रशिक्षकांपुढील जुना विवाद्य प्रश्न होऊन बसला आहे. वाटणीची पद्धत अलीकडच्या काळात निघाली, ही रूढ समजूत मात्र जुन्या सामन्यांच्या नोंदी पाहता टिकत नाही.

कार्ये : धावणे, फेकलेला चेंडू झेलणे आणि क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास अडविणे, अशी तीन कामे रनिंग बॅककडे असतात. पहिल्या दोहोंचा हिशेब यार्डांत ठेवला जातो. तिसऱ्याची तशी अधिकृत मोजदाद होत नसल्याने सामान्य प्रेक्षकाच्या लेखी ते नसल्यासारखेच असते, आणि तरीही तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी नामांकित धावक बाहेर बसून दुसराच कोणी मैदानात का उतरतो, याचे कारण बहुधा याच कामात सापडते. तिन्ही कामे सारख्याच अधिकाराने करणारा खेळाडू विरळा. तो लाभला तर संघाचा मनसुबा अखेरच्या क्षणापर्यंत झाकलेला राहतो. उलट एक जण केवळ धावण्यासाठी आणि दुसरा केवळ झेलण्यासाठी ठेवला, तर कोण आत आला एवढ्यावरूनच बचावपक्षाला पुढची चाल ताडता येते. वाटणीच्या बाजूने मुख्य मुद्दा ताज्या पायांचा : चौथ्या सत्रात बचावफळी थकलेली असताना विश्रांती घेतलेला धावक पुढे करता येतो, आणि एकाच्या दुखापतीने सगळी आखणी कोलमडत नाही.

इतिहास : खेळाडू बदलण्यावरील निर्बंध एन. एफ. एल.ने १९५० मध्ये कायमचे उठविले आणि त्यायोगे कामांच्या विशेषीकरणास मोकळीक मिळाली. क्वार्टरबॅकच्या मागे दोन धावक उभे करण्याची वहिवाट असल्याने वाटणी हीच त्या काळची रीत होती. प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांच्या ग्रीन बे संघातील पॉल हॉर्नंग व जिम टेलर ही जोडी तिचा ठळक दाखला होय. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन (१९५७–६५) हा या रीतीला थोर अपवाद : नऊ हंगामांत एकही सामना न चुकवता त्याने १२,३१२ यार्डांची धाव केली, आठ हंगामांत लीगमध्ये अग्रस्थान राखले आणि प्रत्येक कॅरीमागे ५.२ यार्डांची सरासरी ठेवून तिशीतच निवृत्ती पत्करली.

विभागलेल्या धावभाराचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणजे डॉन शुला यांचा १९७२ चा मायामी डॉल्फिन्स संघ. त्या हंगामात लॅरी झोंकाने २१३, मर्क्युरी मॉरिसने १९० व जिम कीकने १३७ कॅरी केल्या. संघाची एकूण धाव २,९६० यार्डांची, म्हणजे त्या वेळचा लीगचा उच्चांक ठरली, आणि बाद फेरीसह सतराही सामने जिंकून संघ अजिंक्य राहिला. धिप्पाड झोंका मधल्या फळीवर आदळे, चपळ मॉरिस कडेने निसटे, आणि भरवशाचा कीक थोडक्या यार्डांच्या निकडीच्या प्रसंगी कामी येई. झोंकाच्या नावे १,११७ यार्ड जमा झाले. मॉरिसची बेरीज हंगामाअखेरी ९९१ भरली होती. परंतु एका निसटलेल्या चेंडूपायी त्याच्या खाती चुकीने वजा झालेले ९ यार्ड फेरतपासणीत परत मिळून ती बरोबर १,००० झाली, आणि एकाच संघातील दोघांनी एकाच हंगामात सहस्र यार्डांचा टप्पा गाठल्याची लीगमधील पहिली नोंद अशा रीतीने दप्तरी दाखल झाली. यशाच्या या शिखरावरही वाटणी सर्वांना रुचली होती असे नाही. मॉरिसमुळे आपले नित्याचे स्थान गेल्याचे कीकला शल्य होते. पुढे हॅरिस व ब्लायर (पिट्सबर्ग, १९७६), मॅक व बायनर (क्लीव्हलंड, १९८५), जेकब्स व वॉर्ड (न्यू यॉर्क जायंट्स, २००८) आणि विल्यम्स व स्ट्यूअर्ट (कॅरोलायना, २००९) या जोड्यांनी तोच टप्पा ओलांडला.

१९७८ मध्ये चेंडू फेकण्यास अनुकूल असे नियम झाले व सामने चौदावरून सोळा झाले. जो गिब्स यांच्या वॉशिंग्टन संघाने दोनऐवजी एकच धावक मागे ठेवण्याची रचना रूढ केली आणि तीत एकहाती भाराचा उत्कर्ष झाला. जानेवारी १९८३ च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) जॉन रिगिन्सने ३८ कॅरींत १६६ यार्ड मिळविले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या एरिक डिकरसनने ३७९ कॅरींत २,१०५ यार्डांचा विक्रम केला.

अतिश्रमाचा प्रश्न : अ‍ॅटलांटाचा जमाल अँडरसन १९९८ मध्ये ४१० वेळा धावला आणि पुढल्याच हंगामाच्या आरंभी गुडघा निकामी होऊन बसला. डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसच्या ३९२ कॅरी (२,००८ यार्ड) त्याच वर्षीच्या, आणि त्याच्या गुडघ्याची दुखापतही पुढल्याच वर्षीची. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनकडून २००६ मध्ये ४१६ कॅरी करवून घेण्यात आल्या, हा आजवरचा उच्चांक. त्यानंतरच्या हंगामात तो आठच सामने खेळू शकला. अशा उदाहरणांवरून, ३७० कॅरींची मर्यादा ओलांडणारा धावक पुढील वर्षी ढासळतो, असा नियम आकडेवारीचे अभ्यासक अ‍ॅरन शॅट्झ यांनी मांडला. त्यावर आक्षेप असा, की एवढ्या कॅरी होण्यास मुळात संपूर्ण हंगाम निर्वेध व उत्तम जावा लागतो, आणि तसा हंगाम लागोपाठ दोनदा लाभणे कोणासही दुर्मीळच. शिवाय डिकरसनने १९८६ मध्ये ४०४ कॅरींनंतरही १९८८ मध्ये लीगमध्ये अग्रस्थान पटकावले होते. विशिष्ट आकड्याचा आग्रह सोडून द्यावा हे खरे, पण एकाच देहावर शेकडो वेळा होणाऱ्या आघातांचा संचय गौण मानण्यास या आक्षेपाने आधार मिळत नाही.



मोबदला : २०११ च्या सामूहिक कराराने नवोदितांच्या वेतनाची चौकट ठरवून दिली व पहिल्या कराराची मुदत साधारण चार वर्षांची झाली. रनिंग बॅकची उमेदीची वर्षे नेमकी याच मुदतीत खर्ची पडतात, आणि मुदत संपताच त्याच्या जागी कमी वेतनावरील दोन नवखे खेळाडू आणण्याचा मार्ग संघमालकांस खुला होतो. नवोदित खेळाडूंच्या २०१३ च्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही, २०१४ मध्येही नाही. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने करार न पटल्याने २०१८ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसून काढला. २०२२ मध्ये १,६५३ यार्डांसह लीगमध्ये अग्रेसर ठरलेल्या जॉश जेकब्ससही लगेच दीर्घ मुदतीचा करार मिळाला नाही. सक्वॉन बार्कलीचीही त्याच वेळी तीच गत झाली. तोच बार्कली २०२४ मध्ये फिलाडेल्फियाकडून ३४५ कॅरींत २,००५ यार्ड धावला, बाद फेरीत आणखी ९१ वेळा धावला, आणि त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला. एकहाती भाराचे युग संपल्याचा निर्वाळा त्यामुळे घाईचा ठरतो. एका धावकापुढची आघाडीची फळी भक्कम असेल तेथे ती पद्धत आजही फलदायी आहे, आणि फळी दुबळी असेल तर तीन धावक मिळूनही यार्ड वाढत नाहीत. वाटणीस खेळाच्या दृष्टीने जी सबळ कारणे आहेत त्यांच्या आडून वेतनातील काटकसर साधली जाऊ नये, ही खेळाडूंची तक्रार न्याय्य आहे. नवोदितांच्या वेतनाची ती चौकट २०२० च्या करारातही कायम ठेवण्यात आली असून तो करार २०३० च्या हंगामापर्यंत लागू आहे.