महाडला न थांबणारे ट्रक

महाड एकेकाळी बंदर होतं. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत गलबतं यायची, इथला माल वरंध घाटाने देशावर जायचा. पुढे खाडीत गाळ साचला, माल रस्त्यावर आला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण महाड शहरात स्टेशन नाही. जवळचं म्हणजे वीर. पोलादपूर तर रुळापासून लांबच.

26 जानेवारी 1999 पासून कोलाडला भरलेले ट्रक थेट वॅगनवर चढू लागले, गोव्यात वेर्ण्याला उतरू लागले. डिझेल वाचतं, ड्रायव्हरला आराम, कशेडी घाट टळतो. चांगलंच आहे! फक्त तो ट्रक आता पोलादपूरच्या टपरीवर चहाला थांबत नाही. मालाची वाट बदलली की आधी टपरीवाल्याला कळतं.