गायरानातली भाकरी

राजूर म्हटले की लोकांना गणपती आठवतो. मला आजीचे गायरान आठवते. जालना जिल्ह्याच्या या कोरडवाहू भागात गावाने गुरांपुरती सोडलेली बरड जमीन हीच अनेक दलित कुटुंबांची पहिली शेती. ती कुणी दान दिलेली नाही. निजामी राजवट 1948 साली गेली, जमिनीची मालकी मात्र होती त्याच हातांत राहिली. म्हणून 1953 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि 6 डिसेंबर 1964 पासून तोच लढा देशभर पेटला. लाखो माणसे तुरुंगात गेली.

या लढ्याचा राजकीय इतिहास आपण लिहितो, अन्नाचा लिहीत नाही. बलुत्यावर आणि शिळ्या तुकड्यांवर ज्यांना जगवले गेले त्यांनी दगड वेचून स्वतःची भाकरी पिकवली, ही घटना लहान नव्हे. आजी बाजरीत तूर, मटकी टाकी, कडेला अंबाडी. पावसाने एक पीक नेले तर दुसरे हाती लागे. बियाणे राख घालून गाडग्यात ठेवी. पुढे जालना बियाणे कंपन्यांचे शहर झाले. संकरित ज्वारी आली. तिचे ताट आखूड, कडबा कमी. 2002 नंतर बीटी कापूस आला. आज हवामानबदलावरचा उपाय म्हणून भरडधान्याचा गौरव होतो, तेव्हा आजी आठवून हसू येते.

निजामाच्याच जुन्या राज्यातील जहीराबादेत दलित स्त्रियांच्या संघांनी पडीक जमिनी लागवडीस आणल्या, स्वतःचे धान्यकोठार उभे केले. त्यांच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला 2019 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्हाला मिळाल्या नोटिसा! 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींची 14 एप्रिल 1990 पर्यंतची 'अतिक्रमणे' नियमित व्हायची होती. पुष्कळांची झालीच नाहीत. 2022 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. आता सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. परंतु ज्यांच्या शेतात विहीर नाही, मोटार नाही, ज्यांनी हवा तापवली नाही, त्यांच्याच तुकड्यावर ही वीज का उभी राहावी?

विद्यार्थ्यांना मी सध्या घरोघरच्या दंडाच्या पावत्या उतरवून काढायला सांगितले आहे. अतिक्रमण केले म्हणून फाडलेल्या त्या कागदांखेरीज, ही जमीन आपण कसली याचा दुसरा लेखी पुरावा त्यांतील बहुतेकांच्या घरी नाही.