नंबर आमचा, स्कूटर दुसऱ्याची

‘नंबर लागला’ हे शब्द माझ्या लहानपणी दवाखान्यासाठी नव्हते, स्कूटरसाठी होते. वडील सांगलीत शाळामास्तर. १९७१ साली त्यांनी पोस्टात अडीचशे रुपये अनामत अडकवून बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवले. चेतक तेव्हा बाजारात यायचीच होती. नंबर लागल्याचे कार्ड आले १९७९ साली. मधल्या आठ वर्षांत आम्ही दोन बिऱ्हाडे बदलली, माझी मुंज झाली आणि थोरली बहीण लग्नाला आली.

पैसे द्यायची तयारी असताना इतकी वर्षे थांबायचे कशाला, असे माझी नात विचारते. कारखान्याने वर्षाला किती नग काढायचे, हे १९५१च्या उद्योग कायद्याखाली दिल्लीत ठरत असे. परवान्याहून जास्त माल काढणे हा पराक्रम नव्हता, गुन्हा होता. त्यात १९६९ साली मक्तेदारीविरोधी कायदा आला आणि मोठ्या उद्योगघराण्यांना कारखाना वाढवणे आणखी जड झाले. आकुर्डीला गाड्या बनवता येत नव्हत्या असे नाही, बनवू दिल्या जात नव्हत्या. किंमतही मनासारखी वाढवता येत नसे. वाटपासाठी १९६०चा नियंत्रण आदेश होताच. सरकारी नोकरांचा कोटा वेगळा. परदेशातल्या एखाद्या भाच्याने परकीय चलन भरले, की मामाची गाडी रांग सोडून पुढे.

किंमत बांधलेली आणि गिऱ्हाइके कितीतरी पट. मग खरा भाव आणि छापील भाव यांतला फरक कुणाच्या तरी खिशात जाणारच. कारखान्याला मिळता तर कारखाना वाढला असता, सरकारला मिळता तर तिजोरीत पडला असता. तो मिळाला नंबरवाल्याला. या फरकाला बाजारात ‘ऑन’ म्हणत.

अशा व्यवहाराला लोक काळाबाजार म्हणत आणि डोळ्यांपुढे कुणी गुंड-दलाल आणत. दलाल होतेच. पण आमच्या आळीत नंबर कुणी लावले नव्हते? ज्यांनी जन्मात किक मारली नाही त्यांनी, विधवा आत्याच्या नावाने, पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या मुलाच्या भविष्यासाठी. मध्यमवर्गाची ती भिशीच होती म्हणा ना.

आमचे कार्ड आल्याची बातमी दलालाला पोस्टमनच्या पाठोपाठ कळली. ओसरीवर बसून तो म्हणाला, “मास्तर, कागद द्या, गाडी मी उचलतो. तुम्ही फक्त सह्या करायच्या.” किंमत तो भरणार, वर तीन हजार आमचे. गाडी वडिलांच्या नावावर आणि वापरायला हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाकडे. सही केलेले कोरे कागदही त्याच्याकडेच. मुदत सरली की नाव बदलून घ्यायचे. तोवर अपघात झाला तर जबाबदार कोण? वडिलांना रात्र-रात्र झोप नसे. पण बहिणीचे लग्न त्या पैशांत झाले. उरलेल्यातून अडीचशे काढून त्यांनी लगेच आईच्या नावाने दुसरा नंबर लावला!

गंमत म्हणजे ऑन सगळ्याच स्कूटरवर नव्हता. सरकारनेच १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया काढली. तिच्या ‘विजय’साठी चेतकसारखी झुंबड काही उडाली नाही. लोकांना स्कूटर हवी होती, पण जी विकली तर पैसे येतील अशीच.

एप्रिल १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली. अनामत दहा हजार, तरी सुमारे दोन महिन्यांत सव्वा लाखावर अर्ज आले. त्यांतले किती जण गाडी चालवणारे होते आणि किती कागद विकणारे, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. स्कूटरच्या बाजारात मात्र वारे फिरले होते. १९८४-८५ मध्ये कायनेटिक होंडा, हीरो होंडा आल्या, परवान्याचा फासही सैल झाला.

आईचा नंबर लागला १९८८ साली. वडिलांनी त्याच दलालाला निरोप धाडला. तो आला, चहा प्याला, कार्ड उलटेपालटे करून परत ठेवले. “मास्तर, आता ऑन कुठला? घ्या आणि चालवा.”

वडील तेव्हा साठीला टेकले होते. महिनाभर गणपती मंदिराच्या पटांगणात त्यांनी क्लच सोडायचा सराव केला.